सात ठोके

रविवार, ९ फेब्रुवारी
सकाळचे नऊ

चि. भिंगरी हिला दादाचे आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही सगळे बरे असाल अशी आशा आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना ती स्वतः कुरकुरते. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई अजून गाडी चालवू देत नाहीत. चाळीस वर्षं गावाला गाडी शिकवणारा माणूस सध्या पिशवी घेऊन बसनं भाजीला जातो, आणि कंडक्टर त्याला हात धरून चढवतो. हस खुशाल.

बाकी गप्पांआधी एक सांगतो. वहिनीनं काल फोनवर सांगितलंच आहे, तरी पुन्हा लिहितो. गाडी जागची हलवू नकोस. नातीला उद्या शाळेत चालत ने, शेजाऱ्यांबरोबर पाठव, नाहीतर एक दिवस घरी ठेव. उद्या सकाळी कंपनीच्या वर्कशॉपचा माणूस गाडी उचलून नेणारा ट्रक घेऊन येईल. हे पत्र त्याच्याच हाती देणार आहे. त्याला किल्ली दे. पत्र मागाहून वाचलंस तरी चालेल.

वहिनी फोन करत होती तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. स्पीकर चालू होता, तुला ते कळलं असणार. तू सगळं शांतपणे ऐकलंस. मग विचारलंस, "हे त्यानं सांगायला सांगितलं का?" ती हो म्हणाली. तू म्हणालीस, "त्याला म्हणावं, लिहून दे." आणि फोन ठेवलास.

वहिनीला वाटलं, तुला कंपनीची नोटीस हवी आहे. ती बिचारी झेरॉक्स काढायला निघाली होती. तू काय मागितलंस ते मला लगेच कळलं.

नियम माझाच होता ना. आपल्या मोटार स्कूलमध्ये आलेल्या प्रत्येकाला एक चाळीस पानी वही. फेरी संपली की बाकावर बसायचं आणि आज काय चुकलं ते आपल्या हातानं लिहायचं. मास्तर लिहिणार नाही, ताई लिहिणार नाहीत. चूक ज्याची, अक्षर त्याचं. फळ्याच्या वर तूच रंगवून लावलं होतंस ते वाक्य. त्या बँकेतल्या कॅशियरबाई आठवतात? कुंपणाला गाडी घासली आणि वहीत लिहिलं, "कुत्रा आडवा आला." मी खोडून खाली लिहिलं, "कुत्र्याची चूक कुत्र्याच्या वहीत." तू दोन दिवस हसत होतीस, आणि तिसऱ्या दिवशी बाईंना म्हणालीस, मास्तरांना एखादा कुत्रा शिष्य मिळायला हवा.

आता माझी वही उघडतो. मधेमधे भरकटेन, तेवढं चालवून घे.

नोटीस गुरुवारी आली. गाडी तुझ्या दारात असली तरी कागद अजून स्कूलच्या नावावर, म्हणून माझ्याकडे आली. त्या वर्षीच्या त्या गाड्यांमध्ये पुढच्या चाकाला धरून ठेवणारा जो खालचा आर्म असतो, त्याचा सांधा कारखान्यातच ढिला बसला आहे. तो झिजत जातो. शेवटी सुटतो, आणि चाक वळलेल्या अवस्थेत अडकून पडतं. कंपनी सगळ्या गाड्या परत मागवते आहे आणि आर्म फुकट बदलून देणार आहे. तोवर गाडी चालवू नये. त्याखाली एक ओळ आहे: "पुढच्या भागातून ठोका पडल्यासारखा आवाज येणे हे या दोषाचे लक्षण असू शकते."

ती ओळ मी चार वेळा वाचली. मग वहिनीला म्हणालो, चष्मा जुना झाला आहे, तू वाच. तिनं मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे बघत बसली.

नऊ वर्षांपूर्वी ती गाडी आली तो दिवस मला लख्ख आठवतो. स्कूलची पहिलीवहिली नवी कोरी गाडी. त्याआधीच्या तिन्ही दुसऱ्याच्या हातून आलेल्या, तिसरीचं दार तर आतून दोरीनं बांधून ठेवावं लागायचं. तू सीटवरचं प्लास्टिक महिनाभर काढू दिलं नाहीस. बसलं की चर्रचर्र वाजायचं आणि उठलं की कपडे चिकटायचे. टायरवाल्याच्या शेजारची आपली ती एक खोली, जमिनीवर तू ऑइलपेंटनं काढलेले रस्ते आणि चौक, त्यावर काड्यापेट्यांच्या गाड्या. मोठमोठी माणसं उकिडवी बसून काड्यापेट्या सरकवायची आणि "आधी मी, आधी मी" म्हणून भांडायची. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई तर चपला हातात घेऊन शिकल्या. पायाला पेडल कळलं पाहिजे म्हणायच्या. आणि उजव्याचं डावं करणारा तो पठ्ठ्या, ज्याच्या मनगटांवर तू पेनानं "उ" आणि "डा" लिहून द्यायचीस. चौथ्यांदा नापास झाला तेव्हा त्यानं आपल्याला बिस्किटं आणली होती, तुम्हालाच जास्त वाईट वाटलं असेल म्हणून.

सकाळच्या त्या खोलीचा वास अजून नाकात आहे. टायरचं रबर, खडू आणि तुझा स्टोव्हवरचा चहा. स्कूल बंद होऊन दोन वर्षं झाली, तिथं आता मोबाइल दुरुस्त करतात. परवा बसमधून उतरून मुद्दाम आत डोकावलो. जमिनीवर फरशी घातली आहे. रस्ते गेले. दुकानदारानं विचारलं, आजोबा, काय बिघडलंय? मी म्हटलं, काही नाही, सहज.

ठोका पहिल्याच वर्षी सुरू झाला. माझं निदान ठरलेलं होतं. क्लचवरचा पाय झटक्यानं उचलला की टक् होतं. माझ्या पायाखाली गाडी गपगुमान चालायची, तेव्हा दोष पायाचाच. मग मी त्याचं मापच करून टाकलं. फेरीत ठोके मोजायचे. तीनच्या आत आले तर माणूस परीक्षेला तयार, पाचाच्या वर गेले तर आणखी आठवडाभर क्लास. लोकांना ते पटायचं. आकडा सांगितला की लोकांना सगळं पटतं.

तू एकदा म्हणालीस, "दादा, आवाज गाडीत आहे." मी म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." पुन्हा कधी म्हणालीस की माझं तेच उत्तर. टायरवालासुद्धा ते ऐकून हसायचा. अंगण खरंच वाकडं होतं, भिंगरे. कंपनीनं छापून पाठवलं आहे.

~~मला याची कल्पना नव्हती~~

वरची ओळ खोडली आहे. चहा घेऊन आलो आणि परत बसलो.

तुझा शिक्षकाच्या परवान्याचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात तीन वर्षं पडून होता. स्कूलच्या प्रमुखाची सही हवी होती, बाकी सगळं तू भरलं होतंस. तोवर तू वर्गात चिन्हं आणि नियम शिकवायचीस आणि बायका चालवत असल्या की मागच्या सीटवर बसायचीस. मी म्हणायचो, एकदा तुझी फेरी घेऊ, ठोके तीनच्या आत आले की सही. मग तुझी फेरी घ्यायला मला कधी वेळच मिळायचा नाही. शेवटी तू वार सांगितलास. गुरुवार.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी मी गाडी तेल बदलायला नेली होती. आपल्या नेहमीच्या मिस्त्रीनं ती वर उचलली, पहार लावून खालचा आर्म हलवून दाखवला आणि म्हणाला, "मास्तर, ठोका इथनं येतोय. सांधा खेळतोय." मी विचारलं, "शिकाऊ लोकांच्या पायानं ढिला झाला असेल?" तो म्हणाला, "पायाचा काय संबंध? हा पहिल्या दिवसापासनं असा असणार. बदलून टाका." मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात.

म्हणजे गुरुवारी तुझ्या शेजारी बसलो तेव्हा मला ठाऊक होतं.

टपाल कचेरीपाशी पहिला ठोका पडला. मी म्हटलं, "एक." दवाखान्याच्या चौकात, "दोन." तू समोर बघत होतीस, एकदाही माझ्याकडे वळली नाहीस. सातवा आपल्याच गल्लीच्या तोंडाशी पडला, आणि तो मी जरा जास्तच मोठ्यानं मोजला. मग वही पुढे केली. तू पेन उघडलंस, थोडा वेळ कोऱ्या पानाकडे बघितलंस आणि वही मिटून परत दिलीस. "लिहिण्यासारखं काही नाही, दादा," म्हणालीस. मी चार वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलो, की चुकते आणि वर कबूल करत नाही. वहिनी तेवढी कधी हो म्हणाली नाही.

असं का केलं ते लिहितो. समर्थन नाही, कारण आहे. त्या वर्षी चौकशीला आलेली दहातली आठ माणसं दारातच विचारायची, ताई असतात ना? बाप्येसुद्धा. लोक तुझ्याजवळ शिकत होते आणि माझ्याजवळ भीत होते, हे मला दिसत होतं. तुला परवाना मिळाला असता तर त्या खोलीत मी फक्त सही करणारा म्हातारा उरलो असतो. मला तुझा हेवा वाटत होता. आपल्याच धाकट्या बहिणीचा, जिला मीच बोट धरून शाळेत नेलं. हे लिहायला मला चार वर्षं आणि एक नोटीस लागली.

आणि याहून वाईट पुढेच आहे. स्कूल सोडताना तू म्हणालीस, "मला स्कूलमधला वाटा नको, ती गाडी दे." मी लगेच किल्ली दिली. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. आर्म ढिला आहे हे मी सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर गुरुवारचं सगळंच सांगावं लागलं असतं. रोज आठवण व्हायची असं खोटं लिहीत नाही. पेपरात कुठे चाक निखळल्याची बातमी आली की आठवायचं, आणि मी पान उलटायचो. मग वहिनीकडून कळलं की तू नातीला त्याच गाडीतून शाळेत सोडतेस. तेव्हाही मी उठून फोन केला नाही. स्वतःला म्हटलं, इतकी वर्षं चालली आहे, चालेल. कंपनीनं लिहून कळवेपर्यंत मी ते बाळ त्या गाडीत बसू दिलं.

हे माझ्या हातानं लिहिलं आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर डोळ्यावर ढकलत नाही.

सोमवार, सकाळ

पत्र काल मिटून पाकिटात घातलं होतं, पुन्हा उघडलं. आणखी लिहावं लागतंय.

आठ वाजता ट्रक आला. कागद माझ्याकडून घेऊन तो तुझ्याकडे यायचा होता. दार उघडलं तर समोर कोण, तर आपला उजवं-डावं. पोट सुटलंय, कानाजवळ पांढरं झालंय, पण तोच. एवढा मोठा ट्रक चालवतो आता, आणि माझ्या गल्लीत रिव्हर्समध्ये एका दमात आणला. पाया पडायला वाकला, तर मी आधी त्याची मनगटं बघितली. म्हणाला, "नाही मास्तर, आता लिहावं लागत नाही." वहिनीनं त्याला चहाला बसवलं.

नोटिशीतला गाडीचा नंबर बघून तो हसला. "म्हणजे आपली टक्‌टक् गाडी होय? ती थांबली की ठोका द्यायचीच."

मी विचारलं, "थांबली की? क्लच सोडला की म्हण."

"नाही हो मास्तर. पूर्ण थांबून पुन्हा निघाली की द्यायची. सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"आमच्या बॅचला. आधीच्यांनी आम्हाला सांगितलं, आम्ही पुढच्यांना. तुम्ही शेजारी असलात की रेषेवर थांबवायची नाही, हळूहळू सरकवत ठेवायची. चाक फिरतं राहिलं की आवाज नाही. आवाज नाही की तुम्ही खूश."

"आणि तू चार वेळा नापास कसा झालास?"

"त्याच्यामुळंच की. परीक्षेतही सरकवली. साहेब म्हणाले, थांबायच्या रेषेवर थांबला नाहीत. चारही वेळा तेच. मग ताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, मास्तर शेजारी असतील तेव्हा सरकव, परीक्षेचे साहेब असतील तेव्हा थांब, आणि परवाना हातात आला की जन्मभर थांब."

मी विचारलं, "मी स्वतः चालवायचो तेव्हा ठोका पडायचा?"

तो कपात बघत राहिला. "तुम्ही तर कधी थांबतच नव्हता, मास्तर."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पुढे येऊन त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

भिंगरे, ती परीक्षेची फेरी मीच आखली होती. मघाशी बोटांवर मोजली. टपाल कचेरी, दवाखान्याचा चौक, शाळेचं फाटक, पाण्याची टाकी, पुलाची दोन्ही तोंडं, आणि आपल्या गल्लीचं वळण. थांबायच्या रेषा सात. तू सातही ठिकाणी गाडी पूर्ण थांबवलीस. नियमात लिहिलं आहे तशी.

सरकवायची युक्ती अख्ख्या स्कूलसारखी तुलाही ठाऊक होती आणि त्या दिवशी तू ती वापरली नाहीस. थांबलीस की ठोका पडणार आणि मी मोजणार, हे तुला पहिल्या रेषेच्या आधीच ठाऊक होतं. सरकवली असतीस तर एकही ठोका पडला नसता. मी जागेवर सही केली असती, वर सगळ्यांना सांगितलं असतं की माझी बहीण आहे, हात माझ्यावर गेला आहे. तुला तशी सही नको होती. तू नीट चालवणार होतीस आणि मी ऐकून काय करतो ते बघणार होतीस. सातदा थांबून तू मला संधी दिलीस आणि सातदा मी आकडा सांगितला. आणि मला वाटत होतं, परीक्षा तुझी चालली आहे.

उजवं-डावं खाली ट्रक सुरू करून उभा आहे. दोनदा हॉर्न वाजवला, तिसऱ्यांदा वाजवायला लाजतोय. गाडी चार दिवसांत तुझ्या दारात परत येईल, तसं त्यानं कबूल केलंय. हे पत्र मी पाकिटात घालण्याआधी वहिनीला वाचायला दिलं. तिनं वाचून परत दिलं आणि म्हणाली, "पाठवा. काही खोडू नका."

उत्तर लिहीच असं म्हणत नाही. तुला वाटलं तर लिही. माफ कर असंही लिहीत नाही, ते मागायला मी तुझ्या दारात यायला हवं, आणि तू दार उघडायचं की नाही ते तू ठरवायचं.

मोठ्यानं धाकट्याला शेवटी आशीर्वाद लिहायचे असतात. सवयीनं वर लिहून गेलो. इथे ते लिहायला हात धजत नाही.

तुला नमस्कार करतो.

दादा